लखूने न टाकलेला चेंडू

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे लढाईपेक्षा खेळावरून जास्त भांडत. बरंच होतं म्हणायचं.

त्या राज्यात एक खेळ खेळत. उंच खांबाला वेताची कडी बांधलेली असे आणि कातड्याचा चेंडू तिच्यातून पाडायचा. राजाच्या संघात जायचं स्वप्न प्रत्येक गावातल्या पोरांना पडे. निवड करायला दर वर्षी एक म्हातारी गावोगाव फिरे. तिला सगळे आक्का म्हणत.

डोंगराखालच्या गावात लखू आणि भिवा राहत. सख्खे भाऊ नव्हेत, पण एका ताटात जेवून वाढलेले. लखू चेंडू घेऊन धावायचा आणि मोकळ्या गड्याच्या हातात नेमका द्यायचा. तो कडीत टाकायचं काम बहुतेक भिवाचं. लखू स्वतः कधीच टाकत नसे. गाव त्याचं तोंडभर कौतुक करी, की मन किती मोठं बघा, सगळं दुसऱ्याला देतो. लखू मान खाली घालून हसायचा.

खरं काय होतं, सांगू का? लहानपणी जत्रेतल्या सामन्यात त्याने टाकलेला चेंडू कडी सोडून थेट भज्यांच्या कढईत पडला होता. सगळी जत्रा पोट धरून हसली. एकटा असला, की त्याचे चेंडू कडीतून सटासट पडत. पण तेव्हापासून बघायला माणसं जमली, की त्याच्या हातांना घाम फुटे. मग चेंडू भिवाकडे! भित्रेपणावर मोठेपणाचं पांघरूण घातलं, तर बघणाऱ्याला काय कळणार? हळूहळू त्याचं त्यालाही कळेनासं झालं.

एका वर्षी आक्का आली. राजाच्या संघाला वयाची अट होती आणि भिवा पुढच्या वर्षी तिच्यात बसणार नव्हता. म्हणजे आज नाही, तर कधीच नाही. लखूने मनाशी ठरवलं, आपलं जाऊ दे, पण भिवाला धाडायचंच. हाती आलेला प्रत्येक चेंडू तो भिवाला देत राहिला.

समोरचा संघ शेजारच्या गावचा. ते काय दुधखुळे होते? लखूवर नेमलेला गडी त्याला सोडून सरळ भिवाजवळ जाऊन उभा राहिला. आता एकट्या भिवावर दोन गडी; त्यांच्या मधून उड्या मारून मारून तो रडकुंडीला आला. एकदा कोपर लागून आपटला, गुडघे सोलले. अर्धा खेळ संपला तरी त्याचा एकही चेंडू कडीतून गेला नव्हता.

मधल्या विश्रांतीत लखू हौदावर पाणी पीत होता. आक्का शेजारी येऊन टेकली. लखूने भिवाची बाजू मांडली. एरवी तो फार छान टाकतो, आज दिवसच वाईट आहे, मला घेऊ नका पण त्याला घ्या, असं तो अगदी काकुळतीने सांगू लागला.

आक्काने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लेकरा, मी खेळणाऱ्याचे हात बघत नाही, समोरच्यांचे पाय बघते. तू टाकणार नाहीस, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तुझ्या वाट्याचा गडी तुझ्या भावाच्या अंगावर जातो."

लखूने वळून पाहिलं. भिवा पलीकडे गुडघ्यावर ओला फडका दाबून बसला होता.

"आणि टाकला नि चुकला तर?" लखूने हळूच विचारलं.

"तर चुकेल. मी काही उठून जाणार नाही."

खेळ पुन्हा सुरू झाला. लखूच्या हाती चेंडू आला. समोर कुणीच नव्हतं. त्याने जीव मुठीत धरून टाकला आणि चेंडू खांबावर आपटून परत आला. लोक हसले. पुढचाही चुकला, लोक आणखी हसले. लखूला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तरी त्याने तिसरा टाकला. तो कडीतून अलगद खाली पडला. पाठोपाठ आणखी एक. आता मात्र समोरच्यांची धांदल उडाली. भिवाजवळचा एक गडी लखूवर धावून आला आणि बऱ्याच वेळाने भिवाला श्वास घ्यायला जागा मिळाली. लखूने चेंडू त्याच्याकडे फेकला. भिवाने तो टाकला, आणि त्यानंतर टाकतच राहिला.

संध्याकाळी आक्काने भिवाचं नाव घेतलं. लखूचं घेतलं नाही. अर्ध्या दिवसाच्या धिटाईवर राजाचा संघ मिळत नसतो. भिवाने त्याला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "येड्या, इतकी वर्षं हे कुठं लपवून ठेवलं होतंस?" लखू हसता हसता रडला. भिवा जाणार म्हणून त्याला वाईट वाटत होतं आणि जातोय म्हणून आनंदही होत होता.

वर्षभर तो भर चौकात, सगळ्यांसमोर टाकत राहिला. चुकला, हसं झालं, पुन्हा टाकला. पुढच्या वर्षी आक्का आली तेव्हा लखूला अडवायला दोघे धावत होते आणि त्याचे सोबती मोकळे खेळत होते. आक्काने त्या गावातून एकच नाव घेतलं, ते लखूचं.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्या भीतीला मोठेपणा म्हटलं, की तिचा भार आपल्याच माणसांना वाहावा लागतो.