टिकल्या बैलाचं तोंड

बोलण्यात मला हरवणारा आमच्या पंचक्रोशीत जन्मला नाही. जन्मली मात्र आहे, आणि ती माझ्या शेजारीच राहते. गजराबाई तिचं नाव.

तिचा टिकल्या बैल एका सिनेमात हिरो झाला. निर्माते जयसिंगशेठ, म्हणजे बोटं कमी आणि अंगठ्या जास्त असा माणूस. भाड्याऐवजी त्यांनी नफ्यात दोन आणे वाटा कबूल केला. त्या भरवशावर बाईनं गोठ्याचं जुनं छप्पर उतरवून ठेवलं.

वर्षानं शेठ पेढे घेऊन आले. "गजराबाई, नफा काही झाला नाही हो. थेटरात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही."

मी म्हटलं, "मग ही नवी गाडी कुणी दिली, त्या कुत्र्यानं?"

"अहो, सिनेमा दुबईत चालला, लंडनला चालला. टीव्हीवाल्यांनी घेतला, मोबाइलवाल्यांनी घेतला. पण ती वरची मिळकत! सिनेमाचा नफा म्हणजे थेटरातला, बाकी सगळं वेगळं." मग शेठ गोड हसले. "आता दुसरा भाग काढतोय. तिकडच्या लोकांना टिकल्याच बघायचाय. परवा नेतो त्याला. या खेपेला रोख पाच हजार!"

मी भांडायला बाह्या सरसावल्या. गजराबाईनं मला हातानंच गप्प केलं, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "न्या की शेठ. पण पाच हजारांत बैलाचं तोंड तेवढं येतं. पाय, शिंगं, वशिंड, शेपूट ही वरची मिळकत. तोंड आत्ताच घेऊन जा, बाकीचा बैल गोठ्यावर छप्पर चढलं की पाठवते."