अध्यक्षांची पाठ

ताडबेटात दमाजीराव अध्यक्ष झाले आणि त्यांना वाटू लागलं, की लोकांनी निवडलेली सभा काय नि न्यायालय काय, सगळी नुसती खोगीरभरती! एके दिवशी भरसभेत ते गरजले, "आजपासून कायदे मी करणार, निवाडेही मीच देणार. देशाला माझे दोन हात पुरेत. दुसऱ्या कुणी मध्ये हात घालायचा नाही!"

सभापती सुंद्राबाई तयारीनेच आल्या होत्या. "अभिनंदन हो!" म्हणत त्यांनी अध्यक्षांना हार घातला आणि घालता घालता पुडीतली चिमूटभर खाजकुयली त्यांच्या कॉलरमधून आत सोडली.

हुकमावर सही करायला वाकलेले दमाजीराव ताडकन उडाले. खाज नेमकी पाठीच्या मधोमध! हात वरून पोचेना, खालून पोचेना. खांबाला पाठ घासली, तर खांबावरचं घड्याळ पडलं.

"अरे, कुणीतरी खाजवा रे!"

शिपाई धावले. सुंद्राबाई आडव्या आल्या. "खबरदार! मध्ये हात घालायचा नाही, साहेबांनीच सांगितलंय." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, जे दोन हात स्वतःच्या पाठीला पुरत नाहीत, ते अख्ख्या देशाला कसे हो पुरणार?"

दमाजीरावांनी हुकूम टराटरा फाडला.

लगेच सभेने पाठ खाजवण्याचा कायदा एकमताने मंजूर केला. अध्यक्षांनी नाचत नाचत त्यावर सही ठोकली. आणि न्यायमूर्तींनी चष्मा सावरून, पाठ निरखून त्या कायद्याचा अर्थ लावला, "जरा डावीकडे."