बोटभर आखूड कळस

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. एका डोंगराखालच्या गावात एक तांबट राहायचा. तांब्याची भांडी घडवणं हा त्याचा धंदा, पण रीत थोडी वेगळी. तांब्याची गोल चकती तो लाकडी साच्याला लावायचा, चाकावर गरगर फिरवायचा आणि गुळगुळीत टोकाच्या लोखंडी दांड्याने हळूहळू साच्यावर दाबत न्यायचा. बघता बघता सपाट पत्र्याचं भांडं व्हायचं, सांधा कुठेच नाही. चाकाचा दोर त्याची बायको ओढायची.

एकदा गावाने देवळावर कळस चढवायचं ठरवलं. घरटी एक जुनं भांडं आलं. एका म्हातारीने तर आपलं एकुलतं एक पंचपात्र दिलं. सगळं वितळवून, ठोकून एकच मोठा पत्रा झाला. दुसरा करायला गावात तांबं उरलंच नव्हतं.

तांबट हाताचा कसबी, पण जिभेला हाड नाही. चावडीवर बोलून बसला, "शेजारच्या गावाच्या कळसाला पाच दिवस लागले. मी एका दिवसात देतो!"

झालं! दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच लोक त्याच्या दारात येऊन बसले.

पत्रा अर्ध्या साच्यापर्यंत छान वळला. मग दोर ओढता ओढता बायको म्हणाली, "अहो, चाक जड लागतंय. आवाजही बदललाय. पत्रा कडक झाला बघा. उतरवा, भट्टीत लाल करा आणि निवू द्या."

तांबटाला हे ठाऊक नव्हतं थोडंच? दाब खाऊन खाऊन तांबं ताठरतं आणि भट्टीत तापवलं की पुन्हा मऊ होतं. रोज तो तेच करायचा. पण आज दारात लोक होते आणि ऊन भिंतीवर चढलं होतं.

"एवढ्याने काही होत नाही. तू ओढ!" असं म्हणून त्याने दांड्यावर सगळं अंग टाकलं.

बायकोने दोर सोडून दिला.

"चार माणसांत माझी शोभा करतेस?" तो ओरडला.

"त्या म्हातारीचं पंचपात्र आहे यात," ती शांतपणे म्हणाली. "उद्या तिला काय सांगणार आहात?"

चाक थांबलं. पत्र्याच्या कडेला केसाएवढी चीर पडली होती. आणखी एक फेरी झाली असती, तर ती शेंड्यापर्यंत गेली असती. 

तांबटाने चिरलेली कड बोटभर कापली, लोकांना घरी पाठवलं आणि भट्टी पेटवली. त्यानंतर बायको "थांबा" म्हणाली की पत्रा भट्टीत जायचा. कळसाला सहा दिवस लागले.

कळस देवळावर चढला, पण बोटभर आखूड. खाली दगडाची एक रेघ उघडी राहिली. कुणी परगावचा माणूस तिच्याकडे बोट दाखवायचा, तेव्हा तांबट स्वतःच सांगायचा, "तेवढी रेघ माझ्या घाईची. वरचा कळस गावाचा, आणि तो वाचवला माझ्या बायकोने."

लहानथोरांनो, एवढं गाठीशी बांधून ठेवा : जे ताठरलं आहे त्याच्यावर जोर वाढवू नये, त्याला आधी ऊब द्यावी आणि उसंत द्यावी.