बोहारणीनं केलेली वाटणी

"महाराज, आता काडी मोडू द्या की एकदाची," सुभाना संबळवाला म्हणाला.

"मोडा, मोडा," त्याची बायको येसू म्हणाली. नऊ वर्षांच्या संसारात दोघांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर.

त्या मुलखात काडीमोड अशी व्हायची: राजासमोर नवराबायकोनं वाळकी काडी दोन टोकांना धरायची, मोडायची आणि आपापल्या वाटेनं चालू लागायचं. पण त्याआधी वाटणी हवी, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. सतरा दिवस भांडण चाललं होतं. बाजेवरून, घंगाळावरून, शेळीवरून. पहिली काडी तर शेळीनंच खाऊन टाकली. सात वर्षांच्या मैनीचं नाव मात्र कुणीच काढत नव्हतं. दोघांनाही खरी हवी होती ती मैनी, आणि ती दुसऱ्याकडे जाईल या धास्तीनं दोघं घंगाळावर ओरडत होते.

राजा भुजंगराज पुरता वैतागला. खांद्यावरचा बारा वर्षांचा विटका शेला झटकून तो म्हणाला, "बास! आज दिवस मावळायच्या आत वाटणी झाली पाहिजे. कशाचा तुकडा करायचा नाही, काही विकायचं नाही. आणि शेवटी दोघांनीही आपल्या तोंडानं म्हणायचं, मला जास्त मिळालं. नाहीतर शिक्षा."

"कसली शिक्षा, महाराज?"

"जन्मभर एकाच घरात राहायचं."

सुभाना मटकन खालीच बसला.

प्रधान राजाच्या कानाशी लागला. "महाराज, दोघांनाही जास्त कसं मिळेल?"

"ते ठाऊक असतं तर मी सतरा दिवस ऐकत बसलो असतो का?"

तेवढ्यात मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती होती ठकूबाई बोहारीण. राणीसाहेबांची जुनी लुगडी घेऊन भांडी द्यायला आलेली, डोक्यावर ही भली मोठी पाटी.

"हसायला काय झालं गं?" राजानं डोळे वटारले.

"महाराज, दोघांना जास्त देणं हा तर माझा धंदाच आहे. बाई मला जुनेर देते, मी तिला पातेलं देते. माझी पाठ वळली की ती शेजारणीला सांगते, बोहारणीला कशी गंडवली! आणि पुढच्या आळीत जाऊन मीही तेच सांगते."

"फार शहाणी आहेस. मग तूच कर वाटणी. नाही जमली तर पाटी जप्त."

"आणि जमली तर?"

"मागशील ते."

ठकूबाईनं पदर खोचला. सुभानाला वाड्याच्या मागच्या पडवीत बसवलं, येसूला पुढच्या पडवीत, आणि स्वतः मधल्या उंबऱ्यावर. सतरा दिवस सगळे विचारत होते, तुला काय हवं? ठकूबाईनं ते विचारलंच नाही.

"येसूबाई, घरातल्या कशाचा वीट आलाय? मी जुनंपानं उचलणारी बाई. सांग."

"ते घंगाळ," येसू लगेच म्हणाली. "सासूबाईंचं. घासून घासून माझे हात गेले. आणि ती बाज. बसलं की कुरकुरते, अगदी ह्यांच्यासारखी."

ठकूबाई मागच्या पडवीत गेली. "सुभानराव, तुम्हाला कशाचा वीट?"

"शेळीचा. दोन मुंडाशी खाल्ली माझी, तिसऱ्यावर डोळा आहे. आणि ते जातं. पहाटे डोळा लागला की सुरू."

"मग शेळी आणि जातं तिला देऊ?"

"आत्ताच्या आत्ता द्या."

"आणि आईचं घंगाळ, बाज तुम्हाला?"

"ती बाज? बाई, तिच्या कुरकुरीशिवाय मला झोपच लागत नाही."

उंबऱ्यावरून अशा चौदा फेऱ्या झाल्या. उन्हं उतरायच्या आत नकोसं तेवढं समोरच्याकडे गेलं आणि दोघंही गालातल्या गालात हसू लागले. उरलं घर. आणि उरली मैनी.

ठकूबाईनं मैनीचं नाव काढलं.

"ती गेली तर मी भाकरी कुणासाठी थापू?" येसूला रडूच फुटलं.

तिकडे सुभाना संबळाच्या दोऱ्या उगाच ओढत म्हणाला, "मी गावोगावची लग्नं वाजवून येतो, तेव्हा ती वेशीपर्यंत पळत येते. ते गेलं तर मी परत कशाला यायचं?"

ठकूबाईनं डोळे पुसले आणि दोघांना दरबारात उभं केलं.

राजा मिशीत हसला. "झाली का वाटणी? आणि पोरगी कुणाच्या वाट्याला? तुकडा करायचा नाही हं."

"कुणाच्याच नाही, महाराज."

"म्हणजे?"

"पोरगी वाटायचीच नाही. आईबाप वाटायचे! घर मैनीचं. ती तिथंच राहील, तिच्या अंथरुणात, तिच्या मैत्रिणींजवळ. शुद्ध पक्षात आई येईल, बाप गावोगाव संबळ वाजवील. वद्य पक्षात बाप येईल, आई भावाकडे जाईल. भांडले हे दोघं. बोचकं बांधून ये-जा करायची तर यांनीच करावी."



"सुभाना, बोल," राजा म्हणाला.

"मला जास्त मिळालं, महाराज. मैनी गेलीच असं धरून आलो होतो. अर्धा महिना पदरात पडला."

"आणि येसू?"

"मलाही. मैनी जाईल या धास्तीनं मी तर सतरा दिवस झोपले नव्हते."

काडी आणली. दोघांनी धरली, कट्‌कन मोडली, आणि काय सांगू, निघताना येसू म्हणाली, "घंगाळ चिंचेनं घासा, राखेनं नको." सुभानानं मान डोलावली.

राजा पोट धरधरून हसला. "माग, बोहारणी! सोनं माग, मोती माग."

ठकूबाईनं त्याला नीट निरखलं. "तो शेला द्या. काठाची जर खरी दिसते. फुकट नको मला, हा लोटा घ्या बदल्यात."

राजानं लोटा वाजवून पाहिला, उन्हात धरला, शेला काढून दिला आणि आनंदानं प्रधानाला म्हणाला, "मला जास्त मिळालं!"

"मलाही," ठकूबाईनं शेला पाटीत टाकला.

"छे," पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "सगळ्यात जास्त मला. बारा वर्षं तो शेला बघतेय मी." आणि त्यांनी आपल्या हातातला सोन्याचा गोठ काढून ठकूबाईच्या पाटीत ठेवला.