उन्हातली मानाची खुर्ची

नगराध्यक्ष उत्तमराव ढमाळांपुढे गावात कुणाची बोलायची टाप नव्हती. तलावाकाठची बाग सुधारायची म्हणून त्यांनी नकाशा काढून घेतला. जुन्या जांभळी तोडून तिथे फरशी घालायची आणि पलीकडे उघड्यावर, पाण्यालगत, उत्तमरावांच्या नावाचं बाक बसवायचं. लोकांचं मत घेणं भाग होतं, म्हणून वैशाखातल्या भर दुपारी त्याच जांभळींखाली सभा भरली.

"ज्याची हरकत असेल त्यानं उठून उभं राहावं," उत्तमराव गरजले. "बसलेले सगळे राजी, असं धरू."

उठून वैर कोण घेणार? म्हातारीकोतारी माणसं रोज ज्या सावलीत टेकायची, तिच्याकडे बघत सगळे बसून राहिले.

तेवढ्यात निवृत्त नर्स मालनकाकू बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "साहेब, बाक तुमच्या नावाचं, तर पहिला मानही तुमचाच. त्या जागी खुर्ची मांडू. तिथे बसूनच सगळं समजावून सांगा."

उत्तमराव खुलले. खुर्ची उन्हात गेली. फरशीचं कौतुक सुरू झालं खरं, पण घाम निथळू लागला, खुर्चीचा पत्रा पोळू लागला. शेवटी ते ताडकन उठले आणि डोक्यावर रुमाल धरून जांभळीखाली आले.

मालनकाकू कारकुनाकडे वळल्या. "भाऊसाहेब, लिहून घ्या. पहिली हरकत खुद्द अध्यक्षसाहेबांची. ते उठले."

कुणीतरी फिसकन हसलं. मग जांभळींखालची अख्खी सभा उठून उभी राहिली, आणि 'बसा' म्हणायला उत्तमरावांना तोंड उरलं नाही.