न्याहारीचा कातळ

वहाळाच्या, म्हणजे या ओढ्याच्या, मधोमध हा काळा, सपाट कातळ दिसतो ना, त्याच्यावर पाय देऊ नका. बाजूच्या दगडांवरून या. चप्पल काढायची गरज नाही, पण पाय द्यायचा नाही. आमच्याकडे त्याला न्याहारीचा कातळ म्हणतात. जुन्या माणसांच्या तोंडी तो ‘न्हेरीचो कातळ’. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीतलं आणि खालच्या वाडीतलं प्रत्येक घर आपली न्याहारी इथे आणून ठेवतं. घावणे, आंबोळ्या, खापरोळ्या, नाचणीची भाकरी, ज्याच्या घरी जे चांगलं होतं ते. केळीच्या पानाने झाकून ठेवायचं आणि मागे व्हायचं. मग जो तो दुसऱ्याचं उचलतो. हे कोणी केलंय, असं विचारायचं नाही. खाऊन झाल्यावरही नाही.

मी या गावात सून म्हणून आले तेव्हा मलाही हे चमत्कारिक वाटलं होतं. माझ्या सासूबाईंनी मला याच वहाळाच्या काठावर बसवून सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलेलं. तसंच तुम्हाला सांगते.

दोन्ही वाड्या एकाच मुळातल्या, असं सांगतात. वरच्या वाडीच्या वर तेव्हा एक मोठी तळी होती, दगडमातीचा बांध घातलेली. एका वर्षी पाऊस मध्येच थांबला. खालच्या वाडीचं भात करपायला लागलं. वरच्या वाडीचे लोक पाणी सोडीनात. तेव्हा खालच्या वाडीतला भिवा नावाचा तरुण कुदळ घेऊन वर गेला आणि आपल्या शेताकडे पाट काढावा म्हणून त्याने बांध खणला. त्याला तेवढंच हवं होतं, एक पाट. पण बांध जुना. तो खचायला लागला. वरच्या वाडीतला धाकू ते बघून धावत आला, भगदाड बुजवायला खाली उतरला, आणि अख्खा बांध त्याच्या अंगावर आला.

धाकूच्या बायकोचं नाव द्वारकी. ती तेव्हा ऐन तारुण्यात होती म्हणे.

धाकूचं दिवसकार्य झालं आणि वरची वाडी या कातळापाशी जमली. कातळ राखणदाराचा. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेचं रक्षण करणारा. त्याची जागा कुठल्याच वाडीची नाही. त्याच्यासमोर शपथ घेतली गेली: खालच्या वाडीला हातचं अन्न द्यायचं नाही, त्यांच्या हातचं घ्यायचं नाही. पाणी नाही, विस्तवसुद्धा नाही. कातळावर पहिला हात द्वारकीने ठेवला. खालच्या वाडीनेही मग मानापोटी तीच शपथ घेतली. आणि भिवाने, असं सांगतात, त्या दिवसापासून वरच्या वाडीकडे मान वर करून बघितलं नाही.

वर्षं गेली. द्वारकीच्या हातचे घावणे वरच्या वाडीत नावाजलेले होते. पातळ, जाळीदार, बोटाने उचलले तर पलीकडचा उजेड दिसावा असे. पहाटे सगळ्यांच्या आधी तिची चूल पेटायची. तिच्या अंगणातून खालच्या वाडीची गवताची छपरं दिसायची, त्यातून झिरपणारा धूर दिसायचा. ती रोज बघायची. मायेने नव्हे. तीच एकदा म्हणाली होती म्हणे, की त्यांच्या चुली पेटलेल्या बघून माझ्या पोटात पेटतं.

मग तापाचं वर्ष आलं. पावसाळा सरता सरता खालच्या वाडीत ताप शिरला. एक घर आजारी, मग शेजारचं, मग सगळी ओळ. द्वारकीला सकाळी धुराच्या रेघा कमी दिसायला लागल्या. आणि एका सकाळी खाली धूरच नव्हता.

ती बिडाच्या तव्यावर पीठ ओतत होती. ओतलं आणि बघत राहिली. घावण करपला. तिचा घावण करपला असं त्याआधी कधी झालं नव्हतं. तिने तवा खाली उतरवला आणि ती सखोबांच्या घरी गेली. सखोबा वाडीचे गावकर, म्हणजे प्रमुख, आणि द्वारकीचे चुलतसासरे.

“मामांनू, खाली धूर दिसना नाय,” ती म्हणाली.

“माका ठाऊक आसा.”

“पोरां उपाशी आसतली.”

 सखोबा म्हणाले, “शपथ घेतली तेव्हा पयलो हात तुझोच होतो गो. मोडलंस तर राखणदार सोडूचो नाय. तुका नाय, वाडीक नाय.”

ती घरी आली. उरलेल्या पिठाचे घावणे घातले, गूळ घातलेला नारळाचा रस वाटीत काढला, सगळं बांबूच्या रोवळीत ठेवलं आणि वहाळ ओलांडून सरळ खाली गेली. शपथेचं काय व्हायचं ते होवो, असंच तिच्या मनात असणार.

पहिलं घर लागलं ते येसूचं. येसू म्हणजे भिवाची आई. ती उंबऱ्याशी घोंगडीवर पडली होती. उठायची ताकद नव्हती, पण द्वारकीला बघून कोपरावर उठली.

“माघारी जा गो,” ती म्हणाली.

“दोन घास खा, काकी.”

“शपथ आसा. आणि शपथ नसती तरी खाल्लंय नसतंय. तुझ्या घोवाचो जीव माझ्या झिलान घेतलो. तुझ्या हातचा माझ्या घशाखाली उतरूचा नाय.”

घोव म्हणजे नवरा, झील म्हणजे मुलगा. येसूच्या बोलण्यात राग नव्हता. लाज होती.  द्वारकी रोवळी घेऊन परत फिरली.

वहाळाच्या मधोमध येऊन ती थांबली. अन्न वर परत न्यायला पाय उचलेना, आणि खाली कोणी घेणार नव्हतं. तेव्हा तिने रोवळी या कातळावर ठेवली. केळीचं पान झाकलं, कावळ्यांसाठी वर दगड ठेवला, आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा राखणदारा, ह्या मी कोणाक दिलेला नाय. तुका दिलेला आसा. तू खा, नायतर तुका व्हया त्येका दी.”

आणि घरी जाऊन तिने दार लावून घेतलं. कोण येतं ते आपल्या डोळ्यांना दिसू नये म्हणून.

दुपारी रोवळी रिकामी होती. वहाळाच्या पाण्याने धुऊन, पालथी घालून ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघाली तेव्हा सखोबा वाटेत उभे होते. “काय चललाहा ह्या?” त्यांनी विचारलं.

“राखणदाराक न्हेरी दितंय.”

देवाला देऊ नको, असं कोण म्हणणार? सखोबांनी विचार केला, घरी गेले आणि बायकोला म्हणाले, पेजेचं मोठं मडकं चढव. त्यानंतर वरच्या वाडीतली एकेक बाई कातळावर काही ना काही ठेवू लागली. कोणी पेज, कोणी भाकरी, आजाऱ्याला पचेल ते. कोणी काय ठेवलं, ते कोणी विचारत नव्हतं.

खाली ते नेणारा भिवा होता. वाडीत तेवढाच उभा राहिलेला. तो येसूला म्हणायचा, राखणदाराने दिलंय, खा. आणि येसू खायची. तो घरोघर पेज पाजत फिरायचा. स्वतः मात्र रानातली कंदमुळं उकडून खायचा. वरच्या वाडीच्या घरातून आलेला घास त्याला तोंडात घालवेना.

एका सकाळी द्वारकी कातळापाशी आली तर भिवा तिथेच बसलेला. उठायला गेला आणि पुन्हा बसला. गालफडं बसलेली. इतक्या वर्षांनी ती दोघं समोरासमोर आली होती.

“तू खाल्लंस?” तिने विचारलं.

“नाय.”

“कित्याक?”

“माका खाऊचो हक्क नाय.”

द्वारकीने रोवळी दोघांच्या मधे, कातळावर ठेवली. पान बाजूला केलं.

“ह्या माझा न्हय,” ती म्हणाली. “राखणदाराचा. त्याका नको म्हणतलस?”

भिवाने घावण उचलला. तो कोरडाच खायला लागला. द्वारकी गेली नाही. तिने ओंजळीने पाणी प्यायची खूण केली आणि त्याचं खाऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.  खाऊन झाल्यावर त्याने कातळावर कपाळ टेकलं, उरलेल्या अन्नाची रोवळी घेतली आणि खाली गेला.

पुढे थंडी पडली तसा ताप ओसरला. काही माणसं गेली, बरीचशी वाचली. कार्तिकी पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकी वहाळावर आली तर कातळावर आधीच काहीतरी झाकून ठेवलेलं. वाटीभर नाचणीची आंबील. वाटीच्या कडेने थोडी सांडलेली. पलीकडच्या काठावर खालच्या वाडीच्या बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्यात काठी टेकून येसू.

वरच्या वाडीच्या बायका द्वारकीकडे बघत राहिल्या. ती घेते की नाही, यावर सगळं होतं. द्वारकी खाली बसली. तिने वाटी उचलली आणि तळ दिसेपर्यंत आंबील प्यायली.

“मीठ थोडा जास्त पडलाहा,” ती म्हणाली. आणि येसू हसली म्हणे.

असं हे. आता दोन्ही वाड्यांत सोयरिकी होतात. माझं माहेर घाटावरचं, पण माझी धाकटी जाऊ खालच्या वाडीतली आहे. तरी ती शपथ कोणी मोडली नाही आणि मागेही घेतली नाही. लग्नाचं असो की सणाचं, राखणदाराच्या हातून घ्यायचं, एवढीच वाट द्वारकीने काढून ठेवली.

आजही त्या दिवशी नव्या सुना माहेरचं काही करून आणतात. मी पहिल्या वर्षी थालीपीठ ठेवलं होतं. एका मुलीने गेल्या वर्षी ब्रेड-ऑम्लेट ठेवलं, तेही लगेच संपलं. आणि पाहुण्यांनाही मज्जाव नाही. आज पौर्णिमाच आहे; उद्या सकाळी तुम्ही या, जे आवडेल ते उचला. पण रिकाम्या हाताने येऊ नका. आमची चूल वापरा, पीठ मी देते.