चमचाभर विरजण

गावाला नदी होती की नुसता ओढा, हे आता नक्की सांगता येत नाही. ज्याची ही गोष्ट, त्याने ती पुढे अनेकदा सांगितली आणि दर वेळी कुठेतरी अडखळला: हे असंच घडलं, की मी मागाहून जुळवलं? तेव्हा थोडं इकडचं तिकडे झालं असेल, हे धरूनच ऐकावी.

फार पूर्वी नव्हे, पण आठवण पुसट व्हावी इतक्या पूर्वी, त्या गावात एक म्हातारा प्राध्यापक एकटाच राहत होता. जन्मभर त्याने संख्याशास्त्र शिकवलं. बायको वारली होती, मुलगा दूरच्या शहरात होता. नोकरी खाजगी कॉलेजातली, त्यामुळे पेन्शन नव्हती. साठवलेल्या पैशांचं व्याज यायचं, ते वर्षागणिक पुरेनासं झालं.

मुलगा दर रविवारी फोनवर म्हणे, "बाबा, घर विका आणि इकडे या. हॉलमध्ये तुमचा पलंग टाकू."

प्राध्यापकाला घर सोडायचं नव्हतं. घरात बोलायला कुणी नव्हतं हे खरं, पण तिथली शांतता निदान ओळखीची होती. दुसऱ्याच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर झोपायची त्याला धास्ती वाटे.

एक दिवस त्याने जाहिरात वाचली: 'चालती वेबसाइट विकणे आहे. घरपोच विरजण.'

तालुक्याच्या गावची एक बाई होती. ती घट्ट दही पातळ फडक्यावर सावलीत वाळवी, त्याची पूड करी आणि चमचाभर पूड पुडीत घालून टपालाने पाठवी. मागणी वेबसाइटवर येई.

"विरजण विकत कोण घेतं?" प्राध्यापकाने विचारलं.

"ज्यांना शेजार नाही, ते," बाई म्हणाली.

प्राध्यापकाने तीन वर्षांचे आकडे तीनदा तपासले. तेच चारशे लोक दर महिन्याला पुडी मागवत होते. इतकी पक्की गिऱ्हाइकं! त्याच्या मनातली भीती जरा कमी झाली.

व्यवहाराच्या दिवशी बाई म्हणाली, "सर, एवढं सगळं विचारलंत, एक मात्र नाही विचारलंत."

"काय ते?"

"एकदा विरजण घरात आलं की त्याचं दही, त्याच दह्याचं पुन्हा विरजण. मग तेच लोक दर महिन्याला का मागवतात?"

प्राध्यापक गडबडला. "शहरातली हवा... बिघडत असेल."

बाई हसली. "असेलही. शिकलेल्या माणसाला मी काय सांगणार? फक्त दोन गोष्टी सांभाळा. दिवेलागणीनंतर मागणी घ्यायची नाही, तिन्हीसांजेला विरजण देत नाहीत. आणि पुडी पोचली की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारायचं, 'दही लागलं का?'"

"चारशे जणांना?"

"एकदम कुठे! रोजचे बारा-पंधरा. चहा होईपर्यंत होतात."

"तुमचा चहा किती वेळ चालतो?"

"अकरापर्यंत," बाई म्हणाली.

प्राध्यापकाने तिला शब्द दिला, अर्धी पुंजी मोजली आणि धंदा घेतला. पूड तयार करून द्यायला तालुक्याची एक डेअरी बाईनेच ठरवून दिली. बाई मुलीकडे परदेशी निघून गेली.

पहिल्या सकाळी त्याने फोन लावला. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "दही लागलं हो. पण बाई कुठे आहेत? गुडघ्याचं काय ठरलं, ते त्यांना सांगायचं होतं." मग ते गुडघ्याविषयी वीस मिनिटं बोलले. अनोळखी माणसाच्या गुडघ्याला काय उत्तर द्यायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिला.

आठवडाभर त्याने हे कसंबसं केलं. मग हिशेब मांडला: रोजचे अडीच तास, उत्पन्न शून्य. त्याने फोन करायचं काम यंत्रावर सोपवलं. सकाळी नऊ वाजता यंत्र सगळ्यांना सांगे, "दही लागलं असल्यास एक दाबा. न लागल्यास दोन दाबा." तिन्हीसांजेचा नियमही त्याने काढून टाकला. दुकान आता रात्रंदिवस उघडं राहिलं.

शंभरातले शहाण्णव लोक एक दाबत. प्राध्यापकाने त्याचा सुंदर आलेख काढला. तो दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच दोनदा पाहिला.

दुसऱ्या महिन्यात मागणी घटली. चौथ्या महिन्यात ती निम्म्यावर आली. त्याने किंमत उतरवली, पुडीचा कागद बदलला, पूड प्रयोगशाळेत तपासून घेतली. पुडीत दोष नव्हता. दही छान लागत होतं, फक्त कुणी मागवत नव्हतं. वर्ष सरता सरता चारशेची साठ गिऱ्हाइकं उरली.

"बाबा, हॉलची भिंत मोजून ठेवलीय," मुलगा म्हणाला. "पलंग बरोबर बसतो."

त्या दिवशी प्राध्यापकाने लाज गिळून परदेशी गेलेल्या बाईला फोन लावला. "ताई, माझं काहीतरी चुकतंय. कुठे, ते सापडत नाही."

"त्यांना विचारता ना, दही लागलं का म्हणून?"

"यंत्र विचारतं."

बाई म्हणाली, "सर, आज सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटलं नाही, हे सांगायला कितीचं बटण दाबायचं?"

प्राध्यापकाने समोरचा आलेख उलटा करून ठेवला.

"बरं, तुमचं तरी दही लागतं का?"

"मी... मी दुकानातून डबा आणतो."

"विरजण विकता आणि दही विकत आणता!" बाई खळखळून हसली, मग एकदम हळवी झाली. "म्हणजे तुम्हालाही कुणी विचारत नाही."

प्राध्यापकाने फोन ठेवला. मग त्याने यंत्र बंद केलं. सकाळी त्याने यादीतल्या पहिल्या नावाला फोन लावला. समुद्राकाठच्या शहरात चौदाव्या मजल्यावर राहणारी एक म्हातारी बाई होती ती.

"दही लागलं का?"

"कोण बोलतंय? माणूस की मशीन?"

"माणूस."

"मग खरं सांगते. नाही लागलं."

"भांडं उबेला ठेवलं होतं का? तांदळाच्या डब्यात ठेवून पाहा."

"पाहते," ती म्हणाली, आणि मग तिने विचारलं, "चहा झाला का तुमचा?"

हा प्रश्न त्याला बायको गेल्यापासून कुणी विचारला नव्हता. "व्हायचाय," तो म्हणाला, आणि फोन कानाशी धरूनच त्याने आधण ठेवलं.

मग तो रोज फोन करू लागला. तिन्हीसांजेला दुकान मिटू लागलं. त्याचाही चहा अकरापर्यंत लांबू लागला. गेलेल्यांपैकी शंभरेक परतले, बाकीचे आलेच नाहीत. गुडघ्याच्या गृहस्थांचा फोन कुणी उचलला नाही, आणि का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. घर राहिलं. वरच्या दोन खोल्या मात्र भाड्याने द्याव्या लागल्या. फुकट बसून मिळणारं उत्पन्न म्हणून घेतलेला धंदा त्याचं रोजचं काम होऊन बसला.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नासाठी तो समुद्राकाठच्या त्या शहरात गेला, तेव्हा चौदाव्या मजल्यावर जाऊन आला. म्हातारीने वाटीत दही वाढलं. सुरीने कापावं असं घट्ट.

"गेल्या महिन्याच्या पुडीचं का हे?" त्याने विचारलं.

"छे हो, सर. बाईंनी पाठवलेल्या अगदी पहिल्या पुडीचं. एकदाही बिघडलं नाही. साखर तेवढी घ्या, त्या कपाटात आहे."

त्याने कपाट उघडलं. साखरेच्या डब्यामागे पुड्या ओळीने लावून ठेवल्या होत्या, बाईंच्या कागदातल्या आणि त्याच्या कागदातल्या. एकही फोडलेली नव्हती.

तात्पर्य, निदान त्याला उमगलं तेवढं: चालता धंदा विकत मिळतो, पण तो ज्याच्या जोरावर चालतो ते विकत मिळत नाही, ते रोज सकाळी आपणच उठून करावं लागतं.